बोला, ऐकतोय मी

अर्जुनरावांना माणसं टाळायची होती, पण टाळतोय हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आलेली. युसूफ वडगाव या गावातल्या त्यांच्या घरचा फोन दिवसभर ठणाणा करायचा. कुणाला टँकर पाहिजे, कुणाला पोराची बदली. शेवटी त्यांनी इंटरनेटच्या जोडण्या करणाऱ्या हनुमानला बोलावलं. घरचा जुनाच नंबर आता इंटरनेटच्या फोनवर चालत होता. हनुमाननं त्याची घंटी बंद केली आणि येणारा प्रत्येक फोन थेट व्हॉइसमेलवर सोडला.

“आता घरी न्हाई, निरोप ठेवा, असं बोला,” तो म्हणाला.

“घरी न्हाई म्हणलं की मतं गेली बे,” अर्जुनराव म्हणाले, आणि भारदस्त आवाजात त्यांनी रेकॉर्ड केलं, “हां, अर्जुनराव बोलतोय. बोला, ऐकतोय मी.”

काय डोकं म्हणावं या माणसाचं! नंतर एक टुंग वाजायचं, पण टुंग ऐकून आपल्याकडं कुणाला काय कळतंय? साहेब गप ऐकून घेतायत असं समजून लोक भडाभडा बोलायचे आणि खूश व्हायचे. ते निरोप मात्र कुणीच ऐकत नव्हतं.

नवव्या दिवशी निरोपांची जागा भरली. हनुमान ती रिकामी करायला आला, तेव्हा अर्जुनराव बाहेर कार्यकर्त्यांत बसले होते आणि त्यांची बायको सत्यशीला फोनपाशीच लसूण सोलत होती. हनुमान एकेक निरोप जरासा ऐकायचा आणि पुसायचा. टँकर, पुसला. रस्ता, पुसला. मग आवाज आला, “आप्पा, मी संस्कृती.”

“पुसू नको,” सत्यशीला म्हणाली. लेक गेल्या वर्षी गेवराईत दिलेली. दोन आठवडे तिचा मोबाईल लागत नव्हता. बिघडलाय, असं जावई युवराज सांगत होता.

“ह्यांनी माझा मोबाईल काढून घेतलाय. आपल्या घरचा नंबर तेवढा पाठ हाय. दुकानातून बोलतेय. लई मारतेत आप्पा. मला न्यायला या.” मग नुसता तिचा श्वास. “ऐकताय ना? बोला ना कायतरी.” बराच वेळ गेला. “बरं. कळलं मला.”

“कवाचा हाय ह्यो?”

“पाच दिवस झाले, काकू.”

सत्यशीला लसूण टाकून उठली. पाच दिवस पोरगी समजून बसली असणार की बापानं सगळं ऐकलं आणि तोंड उघडलं नाही. ती तशीच बाहेर गेली आणि चार माणसांदेखत नवऱ्याला म्हणाली, “गाडी काढा. गेवराईला जायचंय.”

वाटेत तिनं सगळं सांगितलं. अर्जुनराव हळूच म्हणाले, “व्याह्यांपुढं जरा सबुरीनं घे.” व्याह्यांच्या शब्दावर अर्जुनरावांचं निवडणुकीचं तिकीट अडकलं होतं, हे तिला ठाऊक होतं.

गेवराईत व्याही बैठकीत बसले होते, शेजारी युवराज. संस्कृती पाण्याचा तांब्या घेऊन आली. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं.

“चल, तुला न्यायला आलोय,” सत्यशीला म्हणाली.

“मला न्हाई यायचं.”

“कावून गं?”

“आप्पांना सांगितलं होतं मी. ते गप बसले.”

“अगं बाई, ती मशीन होती,” अर्जुनराव घाईनं म्हणाले. “माझा आवाज नुसता भरून ठेवलेला. मी ऐकलंच न्हाई. तुझी शप्पथ.”

संस्कृतीनं तांब्या खाली ठेवला. पहिल्यांदाच तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं. “मग आता ऐका. हे मला मारतेत. मला घेऊन चला.”

युवराज उठून उभा राहिला. व्याह्यांनी पानाचा डबा बाजूला सारला आणि अर्जुनरावांकडं नजर लावली. अर्जुनरावांनी एकदा व्याह्यांकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. घसा खाकरला. मग ते सतरंजीकडं बघत राहिले. संस्कृती थांबली होती. सत्यशीलाही थांबली होती. नवरा बोलेल अशी तिला अजून आशा होती, त्याचीच तिला लाज वाटली.

ती उठली आणि तिनं लेकीचा हात धरला.

“मी ऐकलंय,” ती म्हणाली. “चपला घाल.”