लोळा काढलेली घंटा

मी गायीच्या गळ्यातली घंटा बोलतेय. बोलतेय ते आपलं म्हणायचं. माझ्या आतला लोळा, म्हणजे माझी जीभच, आर्डिसने गेल्या उन्हाळ्यात पकडीने उपटून काढली. तेव्हापासून अमेरिकेतल्या डुलथ शहरातल्या या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मी मुकी बसून आहे. माझी तक्रार नाही. तिने केलं ते बरंच केलं.

मला एका लोहाराने लोखंडी पत्रा दुमडून, ठोकून घडवलं. रेनोच्या वडिलांनी मला त्यांच्या ठिपक्यांच्या गायीला बांधलं. फिनलंडहून आलेली माणसं ती. झाडं तोडून कुरण केलं, पण कुंपण शेवटपर्यंत अर्धवटच राहिलं. गाय रानात शिरली की संध्याकाळी छोटा रेनो माझ्या आवाजामागे पळत सुटायचा. पळण्याचं वेड त्याला तिथेच लागलं. पुढे गाय गेली, शेत विकलं, रेनो शहरात बंदरावर कामाला लागला. जुन्या घरातून त्याने आणलं ते एवढं मला.

आर्डिस त्याची बायको. तिचा आवाज बारीक. सरोवराकाठच्या मोठ्या शर्यतीत रेनो पहिल्यांदा धावला, तेव्हा गर्दीत तिची हाक त्याला ऐकूच गेली नाही आणि बाई घरी येऊन रडली. पुढच्या जूनच्या शर्यतीला ती मला घेऊन गेली. बेकरीसमोरच्या चढावर उभी राहून तिने मला असं काही बडवलं की शेजारच्या म्हाताऱ्याने कानात बोटं घातली. रेनो मला ऐकून थांबला. चक्क थांबला. बायकोच्या गालाचं चुंबन घेतलं, तिच्या कडेवरच्या लेकीच्या, कारिनच्या डोक्यावरून हात फिरवला, तिने सोललेल्या संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि मग निघाला.

तो नेमच झाला. त्याच्याबरोबर धावणारा वॉली त्याला पिडायचा, "शर्यत सोडून बायकोला भेटायला काय थांबतोस? घरी भेटत नाही का ती?"

"घरी ती माझ्यासाठी घंटा कुठे वाजवते?" रेनो म्हणायचा.

शर्यत त्याने कधी जिंकली नाही, त्याचं त्याला सुखदुःखही नव्हतं. पहाटे बर्फातून धावून यायचा आणि भिवयांवरचं हिम वितळायच्या आत कारिनचा शाळेचा डबा भरायला उभा राहायचा. आर्डिस दवाखान्यात होती तेव्हा तिला खिडकीतून दिसावं म्हणून तो खालच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचा. ती वरून हात हलवून दमायची, हा दमायचा नाही. संसार आणि धावणं त्याने कधी वेगळं ठेवलंच नाही.

मग म्हातारपणी त्याला विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग रस्ते. पाय तेवढे काही विसरले नव्हते. सकाळी निघायचा आणि परतीचं वळण चुकायचा. आर्डिस दाराच्या पायरीवर येऊन मला वाजवायची, आणि तो कुठूनही यायचा, लहानपणी गायीमागे यायचा तसाच. तिचं नाव त्याला आठवत नसे, पण "आलो गं" म्हणायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

जून आला, शर्यत जवळ आली. डॉक्टर नको म्हणाले, कारिनही नको म्हणाली. आर्डिस म्हणाली, "त्याच्याकडे आता दुसरं उरलंय काय? तू त्याच्याबरोबर धाव. मी चढावर आहेच. घंटा ऐकली की येतोच तो."

तिचं काय चुकलं, सांगा. मीही तेच समजून होते.

त्या वर्षी कुठल्याशा बँकेने बघ्यांना फुकट घंटा वाटल्या. चिमुकल्या, रंगीत, पत्र्याच्या. फुकट मिळाल्यावर कुणाचा हात थांबतो? सगळा रस्ता वाजत होता. आर्डिसने रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. हात भरून आला तरी ती मला वाजवत राहिली. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

पुढचं मागाहून कळलं. कारिन पाणी घ्यायला वळली तेवढ्यात तो एका घंटेकडे वळला. परक्या बाईसमोर थांबला. तिला वाटलं म्हातारा दमलाय, म्हणून ती हसून आणखी जोरात वाजवू लागली. त्याने तिचा चेहरा निरखला आणि पलीकडच्या घंटेकडे गेला. तिथून पुढच्या. तिथून पुढच्या. लोक टाळ्या वाजवत होते. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

संध्याकाळी तो कालव्याजवळच्या बाकावर सापडला. सरोवरावरून आलेलं गार, दाट धुकं, अंगावर ओला बनियन, ओठ निळे. आर्डिसने त्याला कवटाळलं. तो तिच्याकडे रागाने बघत म्हणाला, "घंटा वाजत होती. मी सगळीकडे गेलो. तू कुठेच नव्हतीस."

"होते रे. चढावरच होते."

त्याला ते पटलं नाही. थंडी छातीत भरली आणि आठवडाभरात तो गेला. न पटताच गेला.

दफनाला त्याचे सगळे धावणारे सोबती आले. त्याचा मान म्हणून प्रत्येकाने त्याच पत्र्याच्या घंटा आणल्या होत्या. शवपेटी खाली उतरू लागली तशा सगळ्या एकदम वाजल्या. वॉली रडत रडत वाजवत होता. आर्डिस पेटीच्या झाकणावरून नजर काढेना. घरी आली, अंगातला कोटही न काढता तिने पक्कड घेतली.

आज पुन्हा शर्यत आहे. सकाळी कारिन आली. बाबांच्या नावाने धावतेय म्हणाली, आणि मला हातात घेऊन विचारलं, "आई, लोळा कुठे ठेवलायस? बसवून घेऊ. चढावर मला हवी आहेस तू."

"नको," आर्डिस म्हणाली. "तो ऐकेल आणि पुन्हा शोधत फिरेल."

कारिनने मला खिडकीशी परत ठेवलं आणि ती गेली. आता खालच्या रस्त्यावरून घंटांचा कल्लोळ येतोय. आर्डिसने खिडकी लावून घेतली आहे. सवयीने तिने संत्रं सोललं, त्याच्या फोडी बशीत सुकताहेत.

कधी कुणाला माझा लोळा सापडला, तर एवढं करा, तो मला परत बसवू नका. मला आता कुणालाच बोलवायचं नाही.