सामानासाठी गाडी

सकाळी ठकीचा फोन आला तेव्हा लिफ्टवाला डबा भरून दाराशीच उभा होता. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, मला घ्यायला येता?" का, काय, हे त्याने विचारलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि हा फोन कधीतरी येणार, हे घरात दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

बायको लगेच म्हणाली, "दुपारचं विमान आहे. संध्याकाळी तिच्या दारात असू."

"आणि तिचं सामान? शिलाई मशीन, कपाट, पुस्तकं?"

"राहू दे ते. पोर आधी आणू."

"राहिलं की ते आणायला परत जावं लागतं. एकदा निघाली की त्या घरात पाऊल नको. आपण गाडीच नेऊ."

"जन्मभर लोकांना वर नेऊन सोडलंत, आणि स्वतः विमानात बसायचं तर पोटात गोळा."

तो हसला नाही. खरं तर तिच्या बोलण्यात तथ्य होतं, पण त्याच्याही बोलण्यात होतं. शेवटी तीही म्हणाली, "मशीन मात्र राहायला नको. त्याच्यावरच उद्या पोट भरेल तिचं."

लिफ्ट कंपनीच्या मालकाकडून व्हॅन मागून आणायला, तिच्यातल्या शिड्या आणि तारांची भेंडोळी उतरवायला दुपार झाली. "गाडीने निघतोय गं," असं त्याने ठकीला कळवलं. "बरं," म्हणाली. रात्री वाटेत त्याचे डोळे मिटायला लागले, तेव्हा बायकोने पेट्रोल पंपावर व्हॅन थांबवायला लावली आणि पहाटेपर्यंत ते तिथेच झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार जावयाने उघडलं. "या ना, बाबा. आई, बसा. चहा टाकतो." आवाजात साखर होती. ठकी न्हाऊन, केस विंचरून बसली होती. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या. आईने हात धरायला हात पुढे केला, तशी ती कप आणायला उठली.

चहा झाला तरी ठकीने निघायचं नाव काढलं नाही. व्हॅनपर्यंत सोडायला ती जिना उतरली, तेव्हा कुठे एकटी सापडली.

"नुसत्या चपला घाल आणि बस," तो म्हणाला. "सामान गेलं खड्ड्यात."

"काल याच पायरीवर बॅग घेऊन बसले होते, बाबा. दिवे लागेपर्यंत."

"अगं, गाडीने येतोय म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलंत. तरी वाटत होतं, कालच याल. मग तो कामावरून आला. बॅग उचलून वर घेऊन गेला."

"मग आज चल."

"काल राग होता, आज उरला नाही. रागाशिवाय नाही हो निघता येत." वरच्या खिडकीकडे पाहून ती पुढे म्हणाली, "सावकाश चालवा."

आईने तिच्या दंडाला धरलं. ठकीने हळूच, दुखत असल्यासारखा, दंड सोडवून घेतला आणि जिना चढून गेली.

रिकामी व्हॅन खड्ड्याखड्ड्यांतून खडखडत होती. बायको शिव्या घालेल, तोंड फिरवून बसेल, याची तो वाट पाहत होता. ती खिडकीबाहेरचे मैलाचे दगड मोजत होती.

"विमानानेच जायला हवं होतं," शेवटी तोच म्हणाला.

"मीही हो म्हणालेच की. मशीन माझ्याही डोळ्यांपुढे होतं."

उन्हं कलायच्या आधीच ठकीच्या नंबरवरून फोन आला. त्याने घाईघाईने गाडी कडेला घेतली. आवाज जावयाचा होता.

"पोचलात का, बाबा? ठकीला काळजी लागली होती. आता झोपलीये ती."

भर दुपारी ठकी लहानपणीसुद्धा कधी झोपली नव्हती.

"पोचलो," तो अर्ध्या वाटेवरूनच म्हणाला.

"कोण होतं?" बायकोने विचारलं. त्याने सांगितलं. तिने पदर तोंडाशी धरला आणि तो बराच वेळ, गाडी चालू न करता, समोरून जाणारे ट्रक बघत राहिला.