वरचं अर्धं घमेलं

मृण्मयीताईंनी पुडा उघडला आणि पहिला पेढा कोंडाजी मिस्त्रीच्या हातावर ठेवला. कासार आंबोलीच्या बंगल्याच्या स्लॅबचे नमुना ठोकळे तपासणीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दाबाला टिकले होते. ताई आर्किटेक्ट. सिमेंट बनताना हवेत जाणारा कार्बन कमी व्हावा म्हणून त्यांनी तिसरा हिस्सा सिमेंट काढून कोळशाची राख घातली होती. राखेचं काँक्रीट सावकाश घट्ट होतं, म्हणून स्लॅबखालच्या टेकूच्या फळ्या, म्हणजे सेंटरिंग, आठवडाभर जास्त ठेवावं लागलं. त्याचं भाडं मालकानं कुरकुरत सोसलं. आता नांद्याला व्हायची सात घरं सिमेंट आणखी कमी करून बांधायची, असं ताई हौसेनं सांगत होत्या.

कोंडाजीनं पेढा तोंडात घातलाच नाही. तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस, पण मिक्सरच्या प्रत्येक फेऱ्याला मापाच्या वर अर्धं घमेलं सिमेंट टाकायची खोड. आपला स्लॅब कधी गळला नाही तो त्यामुळेच, असं छातीठोक सांगायचा. इथंही त्यानं प्लास्टरसाठी आणलेल्या सिमेंटच्या पोत्यांतून ते घातलंच होतं. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण नांद्याला दुसरा मिस्त्री असणार आणि तो कागदावरचंच माप घालणार. त्या छताखाली लेकरं झोपणार.

"ताई, त्यो निकाल खरा न्हाई," तो म्हणाला. "मी दर फेऱ्याला अर्धं घमेलं जादा टाकलंय."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. रागावल्या, चांगल्याच रागावल्या. मग म्हणाल्या, पंपाच्या खोलीचा स्लॅब राहिलाय, तो माझ्या मापानं घालून द्या. कोंडाजीनं घातला. हात शिवशिवत होते, ते पाठीमागे धरून मिक्सरपाशी उभा राहिला.

महिन्यानं निकाल आला. बेताचा, पण पास. सेंटरिंग निघालं तसे मजूर बाहेर सटकले. कोंडाजी मात्र भाकरीचं फडकं घेऊन त्या स्लॅबखाली गेला आणि नेमका मधोमध मांडी घालून बसला. भीती वाटत होती, नाही असं नाही. दर घासाला वर बघत होता.

ताई आत आल्या.

"तुमी भाईर बसा, ताई. मी बसलोय न्हवं."

"माप माझं आहे, मिस्त्री."

त्या समोर टेकल्या. त्यानं फडकं त्यांच्याकडे सरकवलं. मग दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही.