मार्तंडरावांची पाटी

संगमनेरच्या विडी कारखान्यात नवे मॅनेजर मार्तंडराव आले आणि आठवड्यात भिंतीवर पाटी लागली: 'कामाच्या वेळी बोलू नये. बोलेल तिला कामावरून कमी केले जाईल.' चाळीस बायांपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच ती खड्या आवाजात वाचून दाखवली. पुण्याला शिकलेला माणूस! बायकांचं तोंड बंद झालं की हात दुप्पट चालतात, हे गणित त्याला कुणी शिकवलं देव जाणे. हात आधी चालत तेवढेच चालले.

पाचव्या दिवशी बनुबाईनं नव्या पोत्यातली तंबाखू सुपात घेतली आणि नाक मुरडलं. बुरशी! वीस वर्षं विड्या वळणाऱ्या बाईला हे डोळे मिटून कळतं. विड्या वळाव्यात, तर संध्याकाळी माल खराब म्हणून बायांचीच मजुरी कापणार. बोलावं, तर काम जाणार, आणि घरी खाणारी पाच तोंडं.

तरी ती मार्तंडरावांच्या टेबलाशी गेली. "सायब—"

त्यांनी मानही वर न करता पाटीकडे बोट दाखवलं.

बनुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जागेवर येऊन तिनं सूप बाजूला सारलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. शेजारच्या मेहताबनं तंबाखू हुंगली, तिनंही सूप सारलं. बघता बघता चाळीसही सुपं जमिनीवर आली.

मार्तंडराव धावत आले. "काय झालं? हात का थांबले? अहो, बोला ना!"

बनुबाईनं पाटीकडे बोट दाखवलं.

"एकेकीला घरी पाठवीन!" ते ओरडले. बनुबाईचं बोट खाली आलं नाही. कुणी जागची हललीही नाही. शेवटी स्टुलावर चढून त्यांनी स्वतःच पाटी काढली.

"तंबाकूला बुरशी लागलीया," बनुबाई म्हणाली.

त्यांनी चिमूटभर हुंगली. चेहरा उतरला. "मग आधी सांगायचं नाही?"

"सांगायाच आले हुते. तुमी बोट दावलं. आता काढायचं आसंल तर काढा मला, पर वळायची न्हाई मी ही."

मार्तंडरावांनी स्वतःच दुसरं पोतं उसवून मूठभर तंबाखू पुढे केली. "ही कशी आहे, बनुबाई?"

"मला एकलीला नगा इचारू," ती म्हणाली. "चाळीस जनी हाईत हितं."