पल्लवीचे कान चांगले आहेत

आटपाडीत बाजाराचा दिवस म्हणजे हरणाबाईच्या पिठाच्या गिरणीला उसंत नाही. दारात डब्यांची रांग, पट्ट्याची फडफड, जात्याची घरघर आणि त्यावर बायकांचा कालवा. या साऱ्यात हरणाबाईची सून पल्लवी सकाळपासून उभी होती. अकराच्या सुमारास तिच्या डाव्या डोळ्यामागं ठणका सुरू झाला. हातातला डबा खाली ठेवून, कान दाबून ती भिंतीला टेकली.

"अगं ए, कवाधरनं हाका मारतीया मी!" हरणाबाई ओरडली. "बहिरी का काय तू?"

पल्लवीला सासूचा आवाज येत होता. नुसता येत नव्हता, कपाळात शिरत होता. पण पट्टा, डबे, बायका या गलक्यातून सासूचे शब्द वेगळे काढणं तिला जमेना. दर आठ-दहा दिवसांनी हे असं व्हायचं. तिच्या नवऱ्याच्या, अर्जुनाच्या गळ्यात बहिरी बांधली, असं गावात बोललं जाऊ लागलं होतं.

शेवटी अर्जुना बायकोला घेऊन सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडे गेला. तपासून डॉक्टर म्हणाले, "कान ठणठणीत आहेत. ही अर्धशिशी आहे. नको असलेले आवाज आपला मेंदू एरवी बाजूला सारतो. हिच्या मेंदूला ते नीट जमत नाही, आणि दुखायला लागलं की सगळे एकदम अंगावर येतात. पुष्कळदा हे घराण्यात असतं. तुमच्या माहेरी कुणाला आहे का?"

"आईला," पल्लवी म्हणाली. केवढं हायसं वाटलं तिला! दुखण्याला नाव मिळालं होतं, औषध होतं. फक्त गिरणीपासून लांब राहायला हवं होतं.

घरी आल्यावर तपासणीचा कागद वाचला गेला. ऐकण्यात काही दोष नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं.

"म्हंजी कान चांगलं हायत," हरणाबाई म्हणाली. "मग सोंगच की! काम नगं म्हणून!"

आता काय बोलावं या शहाणपणाला! हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं, ताप आला तर अंग तापतं. सुनेचं डोकं दुखलं तर तिनं दाखवायचं काय? आणि अर्जुना? डॉक्टरांचं सगळं बोलणं समोर बसून ऐकलेला हा गडी आईपुढं मूग गिळून बसला. फार रेटल्यावर एवढंच म्हणाला, "हिच्या आईलाबी हाय म्हनं."

मग हे लग्न जमवणारे आप्पासो आले. लोणंदहून पल्लवीची आई मंगल आली. गिरणी बंद करून तिला लागूनच असलेल्या सोप्यात बैठक बसली.

"मंगलताई, सरळ इचारतो," आप्पासो म्हणाले. "तुमाला हाय का हे दुखणं? असंल तर आजार म्हनू, औषध करू, पोरीला गिरणीतनं काढू. नसंल तर तिनं गुमान कामाला उभं ऱ्हायचं."

वीस वर्षं कपाळाला फडकं बांधून अंधाऱ्या खोलीत पडणारी बाई ती. भांडी वाजू नयेत म्हणून ओट्यावर पोतं अंथरून स्वयंपाक करायची ती लहानगी पल्लवीच. पण धाकट्या लेकीचा, सोनमचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. घरात कुणाला काही आहे का, असं मुलाकडच्या मंडळींनी दोनदा विचारलं होतं, आणि त्यातही मध्यस्थ हेच आप्पासो होते.

"न्हाई," मंगल म्हणाली. "आमच्यात कुणालाच असलं काय न्हाई."

पल्लवीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली. पोरीला सगळं कळलं. बोलावं तर बहिणीचं लग्न मोडतं, गप्प बसावं तर आपले हाल संपत नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"मी सोंगच करत हुते," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"बघा! आली का न्हाई वळणावर?" म्हणत हरणाबाईनं गिरणीचं बटण दाबलं. मंगलचा हात चटकन कानावर गेला. कुणी पाहायच्या आत तिनं तो खाली घेतला.

वाचकहो, मंगलला शिव्या द्यायची घाई करू नका. स्थळ बघताना घरातले आजार खोदून विचारतो ते आपणच, आणि खरं सांगणारीच्या लेकीला नकार कळवतो तेही आपणच. उद्या सोनमचं स्थळ तुमच्या मुलासाठी आलं आणि मंगलनं सगळं खरं सांगितलं, तर होकार द्याल? उत्तर मला कळवू नका. आज जेवताना घरात सगळ्यांसमोर द्या.