वास पुसणारी पेटी

मित्रांनो, मी एक ओझोनची पेटी आहे, आणि आता मला जुनी म्हणायला काहीच हरकत नाही. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा माझा आकार, काळपट हिरवा रंग, एका अंगाला पंखा आणि दुसऱ्या अंगाला नळी. मी हवा आत ओढते, विजेने तिच्यात ओझोन तयार करते आणि बाहेर सोडते. तो वायू कपड्यांना, भिंतींना चिकटलेला वास मोडून टाकतो. पण माणसाच्या छातीला तो बरा नव्हे. म्हणून माझं बटण दाबलं की माणसं दार लावून निघून जातात आणि काम झाल्यावर खिडक्या उघडायला येतात. मिक्सरजवळ कोणीतरी उभं असतं, इस्त्री तर कोणाच्या तरी हातातच असते. माझं आयुष्य मात्र बंद खोलीत एकटीने घुंघुं करण्यात गेलं. तक्रार म्हणून नाही सांगत, पण हे कळल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

मला बनवलं ते हरणांच्या शिकाऱ्यांसाठी. हरणाचं नाक म्हणजे काय चीज आहे! वारा त्याच्याकडे वाहत असला, की माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला माणूस कळतो, आणि मग ते कुठल्या कुठे पसार होतं. म्हणून शिकारी निघण्यापूर्वी आपले कपडे मोठ्या पिशवीत कोंबतो, माझी नळी तिला लावतो आणि घाम, साबण, कालचं जेवण, सगळ्याचा वास काढून टाकतो.

मला कुवेतला आणलं बू रेहान यांनी. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. रेहानचा बाप तो बू रेहान. कुवेत शहरातल्या मिरकाब भागात त्यांचं ऑफिस होतं. कुवेतच्या वाळूत हरणं कुठली असायला, म्हणून ते दर सप्टेंबरला हंगेरीच्या जंगलात जायचे. पहिल्या वर्षी मोठी गंमत झाली. नवरा एवढ्या लांब निघाला म्हणून उम्म रेहाननं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मोठ्या मायेनं त्यांच्या शिकारीच्या जाकिटाला बखूरची धुरी दिली. तिकडची रीतच ती. पाहुण्याला, प्रवाशाला सुगंधी धुरी दिल्याशिवाय सोडायचं नाही. झालं! आठ दिवस एक हरीण म्हणून दिसलं नाही. शेवटी तिथला वाटाड्या कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडीतून उतरता तेव्हाच अख्ख्या डोंगराला कळतं!"

पुढच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले. एक मोठ्या शिंगांचा नर त्यांच्यापासून दहा पावलांवर येऊन चरत राहिला म्हणे. समोर माणूस आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. बू रेहानांनी ती हकिगत दिवाणियात, म्हणजे त्यांच्या पुरुषांच्या बैठकीत, शंभरदा सांगितली आणि दरवेळी माझ्या पाठीवर थाप मारली. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या हरणाची आठवण आली की वाईटही वाटायचं.

मग बू रेहानांचे गुडघे गेले, शिकार सुटली, आणि मी दिवाणियातल्या कपाटात पडले. तीन वर्षं. बाहेर चहाचे पेले किणकिणायचे, माणसं हसायची, आणि मी अंधारात. असो.

एक दिवस कपाट उघडलं. बू रेहानांबरोबर राजन उभा होता, त्यांच्या ऑफिसात एकोणीस वर्षांपासून असलेला अकाउंटंट. मूळचा नाशिकचा, राहायला महबूला भागात. पंधरा महिन्यांपूर्वी त्याची बायको उल्का आजारपणात गेली होती आणि मुलगी जुईली पुण्याला कॉलेजात होती, म्हणजे घरात तो एकटाच.

"तू म्हणत होतास ना, घराला कसला तरी वास येतो?" बू रेहान म्हणाले. "ही घेऊन जा. खलास, सगळा वास गायब!"

"नको सर, कशाला..."

"अरे, घे रे! माझ्या गुडघ्यांना आता हिचा काय उपयोग?"

साहेबानं दिलेलं परत करायचं नसतं, या शिस्तीतच राजननं आजवर नोकरी केलेली. त्यानं मला छातीशी धरून गाडीत ठेवलं. खरं सांगते, मी हरखून गेले. कोणाच्या तरी कामाला येणार होते मी!

राजन भारी शिस्तीचा. माझ्यासोबतचा कागद त्यानं दोनदा वाचला आणि एकेक खोली घेतली. आधी हॉल, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली, तिसऱ्या दिवशी गाडीसुद्धा. बटण दाबायचा, दार लावायचा आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसायचा. त्याचं खाकरणं मला ऐकू यायचं. मला एकच कोडं पडलं होतं. त्या घराला वाईट वास असा नव्हताच. हिंगाची फोडणी, डोक्याला लावायचं तेल, कापूर, कसलीशी पावडर. राहत्या घराला असतो तसा वास. पण मी यंत्र. विचारणार कोणाला?

सगळ्यात शेवटी जुईलीचं कपाट. ती डिसेंबरच्या सुट्टीत येणार होती. कपाटाच्या तळाशी उशीच्या अभ्र्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. धुवायचे राहिलेले कपडे असतील असं राजनला वाटलं. त्यानं गाठ सैल केली, आत पाहिलंही नाही, आणि ते तिच्या स्वेटरांबरोबर माझ्या पिशवीत टाकलं. मी माझं काम चोख केलं. आयुष्यात इतकं चोख मी कधी करायला नको होतं.

जुईली शुक्रवारी सकाळी आली. दारातच थबकली.

"बाबा, घर हॉटेलसारखं का वाटतंय?"

"स्वच्छ केलंय," राजन म्हणाला. "तू येणार म्हणून."

ती आपल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग गाठोडं उलगडल्याची खसखस, आणि मग अशी किंकाळी आली की राजन हातातली तिची बॅग टाकून धावला. जुईली जमिनीवर बसली होती. तिच्या हातात निळ्या फुलांचा सुती गाऊन होता, उल्काचा. ती तो पुनःपुन्हा नाकाशी नेत होती.

"व्हॉट डिड यू डू? बाबा, काय केलंस तू याला?"

"काय झालं? नुसता वास काढला गं..."

"आईचा वास होता तो!" ती ओरडली. "मी मुद्दाम न धुता ठेवला होता. होस्टेलवर नेला नाही, तिथे चार मुलींच्या वासात जाईल म्हणून. सुट्टीत आले की एकदाच उघडायचा, एकदाच, असं ठरवलं होतं मी."

 राजन घरभर फिरला. सोफ्याची पाठ, उशा, पोळ्यांच्या डब्याचं फडकं, खाली जाऊन गाडीची सीट, सगळं हुंगून आला. कुठे काही उरलं असेल तर ना! तो परत येऊन दारात उभा राहिला.

"मी मुद्दाम केलं," तो म्हणाला.

जुईलीनं मान वर केली.

"गाऊनचं नाही. त्याचं मला माहीत नव्हतं, आईशप्पथ. पण घराचं मुद्दाम केलं. जुई, मी ऑफिसातून येऊन दार उघडायचो ना, तर ती आत आहे असा वास यायचा. रोज. मी बूट काढता काढता तिला हाक मारायचो. आणि मग आठवायचं. सव्वा वर्ष रोज. मला सहन होईना गं."

"मला सांगायचंस ना."

"तू फोनवर तिचं नावच काढायची नाहीस."

"तू काढायचा नाहीस, म्हणून मी नाही काढायचे!"

राजन तिच्याजवळ जमिनीवर बसला. मी कोपऱ्यात पिशवीशेजारी पडून होते. माझ्यापासून हातभर अंतरावर बाप आणि लेक, एकमेकांना धरून हमसून हमसून रडत होते. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी मोडलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवस जुईली बापाशी कामापुरतंच बोलली. रागावली होती, आणि तिचं चुकत होतं असं मी तरी म्हणणार नाही. पाचव्या दिवशी ती अंघोळ करून बाहेर आली ती तो गाऊन घालूनच. आता जपून ठेवायचं त्यात काही राहिलंच नव्हतं. तिला तो थोडा आखूड होत होता. ती ओट्यापाशी जाऊन चहा टाकायला लागली, दाराकडे पाठ करून. राजन ऑफिसातून आला, बूट काढायला वाकला, समोर पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "उल्का..."

त्यानं जीभ चावली. भिंतीला धरून तसाच उभा राहिला.

जुईलीनं वळून पाहिलं नाही. तिनं गॅस बारीक केला आणि म्हणाली, "थांबलास का बाबा? मार ना हाक. मलाही ऐकायचीय."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातलं कोणी गेलं की त्याच्या वस्तू आवरायची घाई करू नका, आणि आवरायच्याच असतील तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारा. प्रत्येकानं काय जपून ठेवलंय ते दुसऱ्याला ठाऊक नसतं. माझ्यासारख्या यंत्राला तर चांगलं-वाईट काहीच कळत नाही, बटण दाबलं की ते पुसायला लागतं. आणि एकदा पुसलेलं मला परत आणता येत नाही.