उलटा करंट

वीज जाणं ही आपल्याकडं काही बातमी नव्हे. निलंग्यात उन्हाळा लागला की लाईट कितीदा गेली हे कुणी विचारत नाही. किती वेळ होती, एवढंच विचारतात. पण बसलिंगप्पांच्या घरात लाईट गेली की सगळ्यांची नजर आधी पुढच्या खोलीतल्या खाटेकडं जायची. त्या खाटेवर त्यांची आई पार्वतीबाई नाकाला नळी लावून बसलेली असायची. जन्मभर चुलीचा धूर गिळून तिची फुफ्फुसं कामातून गेली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन खाटेशेजारी घरघरत असायचं. लाईट गेली की ते गप्प व्हायचं. मग म्हातारी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायची, मान पुढं काढायची आणि एकेक श्वास विहिरीतून पाणी शेंदावं तसा ओढायची.

बसलिंगप्पांचं बी-बियाणांचं दुकान होतं. माणूस कष्टाळू, आईवर जीव लावणारा. एकदा सलग तीन तास लाईट गेली, म्हातारीचे ओठ निळे पडले, आणि त्यांनी ठरवलं, आता बस्स! जनरेटर घ्यायचाच.

लातूरच्या दुकानात व्यंकटी नावाचा पन्नाशीतला मिस्त्री होता. त्यानं आधी विचारलं, "घरात काय काय चालवायचंय?"

"समदं घर! दोन एसी, फ्रीज, बोअरची मोटार, टीव्ही. लाईट गेलीय हे कळलंच न्हाई पायजे."

"ते झालं हौसेचं. गरजेचं काय हाय?"

"आईचं ऑक्सिजनचं मशीन."

"मग त्याला चांगला इन्व्हर्टर आन् बॅटरी पुरं हाय, मालक. धूर न्हाई, आवाज न्हाई, लाईट गेल्या क्षणाला चालू. जनरेटर पायजेच असंल तर जरूर घ्या. पण कोणताबी घ्या, चेंजओव्हर स्विच बसवल्याबिगर चालू करू नका."

"ते काय असतंय?"

व्यंकटीनं भिंतीवरचा एक दांड्याचा खटका दाखवला. "दांडा इकडं केला की कंपनीची लाईट, तिकडं केला की जनरेटर. दोघांची गाठ कधी पडत न्हाई. हे नसलं आन् घराचं मेन बटण चालू राहिलं, तर तुमच्या जनरेटरचा करंट उलटा तारंवर जातो. तारंवर माणूस असतो, मालक."

बसलिंगप्पांनी मान डोलावली आणि दुकानातला सगळ्यांत मोठा जनरेटर घेतला. खरं सांगायचं तर त्यात निम्मं मन आईचं होतं आणि निम्मं गल्लीचं. समोरच्या बंगल्यात महिन्यापूर्वीच जनरेटर आला होता. सगळी गल्ली अंधारात आणि आपलं घर लखलखतंय, हे चित्र त्यांना मनातल्या मनात गोड वाटत होतं.

चेंजओव्हर बसवायचा तर मेन बोर्ड खोलावा लागणार होता, अर्धा दिवस घर बंद ठेवावं लागणार होतं. व्यंकटीनं दोनदा फोन केला. "आता सीझन हाय, पुढं बघू," असं बसलिंगप्पा दोन्ही वेळा म्हणाले. मग ओळखीच्या एका वायरमननं जनरेटरची वायर सरळ घराच्या बोर्डाला जोडून दिली. "लाईट गेली की आधी मेन पाडायचं, मग जनरेटर चालू करायचा. झालं! त्या स्विचचं काय एवढं?"

आणि खरंच, दोन महिने काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून भीती गेली, भीती गेली म्हणून काळजी गेली.

एका सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. धम्मानंद होता. त्या भागाचा लाईनमन, तिशीतला, कंत्राटावर लागलेला. लाईट गेली की अख्खं गाव त्याच्याच फोनवर तुटून पडायचं. आली की त्याचं नाव कुणाला आठवायचं नाही.

"अप्पा, नवा जनरेटर आणलाव म्हनं?"

"हाव, आणला की."

"चेंजओव्हर बसवलाव ना?"

बसलिंगप्पा दुकानाला निघायच्या घाईत होते. "हां हां, बसवलाय."

"न्हाई, विचारतोय एवढ्यासाठी की, आम्ही डीपी पाडून, लाईन बंद करून तारंला हात घालताव. आम्हाला वाटतंय लाईन मेलेली हाय. कुण्या घरातून उलटा करंट आला तर वर लटकल्याल्या माणसाला पळायलाबी जागा नसती, अप्पा. मी ह्या लायनीतल्या जनरेटरवाल्या समद्या घरी विचारत फिरायलोय."

"अरे, बसवलाय म्हटलं ना! मला काय कळत न्हाई का?"

"तसं न्हाई, अप्पा. बरं झालं बसवलाव. एक घर बिनघोर झालं."

त्यानं खिशातल्या चिठ्ठीवर खूण केली, खिडकीतून पार्वतीबाईला "आज्जी, बरी हाईस ना?" म्हणून हाक दिली आणि गेला. साधी थाप होती. रोज आपण अशा चार मारतो. बसलिंगप्पा दुकानात पोचेपर्यंत ती विसरूनही गेले.

मे महिन्यात एका दुपारी वादळ सुटलं. पाऊस चार थेंब, वारा मात्र पत्रे उडवणारा. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाची फांदी तारेवर पडली आणि तार तुटली. लाईट गेली ती गेलीच. चारच्या सुमाराला वारा पडला. बसलिंगप्पा दुकानात उडालेला पत्रा बघत असताना घरून बायकोचा, मंजुश्रीचा फोन आला.

"लवकर या! कोपऱ्यावर तार तुटलीय. जनरेटर चालू होईना मला. आत्यांना लई धाप लागली."

ते धावतच घरी आले. येताना कोपऱ्यावरच्या खांबावर कुणीतरी चढलेलं त्यांना दिसलं. दिसलं, पण मनात उतरलं नाही. आत आई मान टाकून बसली होती, डोळे वर गेले होते. ते तसेच मागच्या अंगणात गेले. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, जनरेटर धडधडत सुरू झाला. आत मशीन घरघरू लागलं. त्यांनी भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

तेवढ्यात शेजारच्या दीपमालाच्या घरातून पोरांचा गलका आला, "आली! लाईट आली!"

बसलिंगप्पांना क्षणभर बरं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ध्यानात आलं. तार तर तुटलेली आहे. मग दीपमालाच्या घरात लाईट आली कुठून?

मेन! मेन पाडायचं राहिलं!

ते बोर्डाकडं झेपावले. हात मेनवर पडायच्या आतच कोपऱ्यावरून आरोळी आली. एकच. त्यांनी मेन पाडलं. मग माणसांचा कालवा.

ते रस्त्यावर आले तेव्हा धम्मानंद खांबावर कमरेच्या पट्ट्याला लटकत होता. तोंड खाली, हात सैल. रबरी हातमोजे पट्ट्यात खोचलेले होते. तारेला पीळ द्यायला जाड मोज्यात बोटं वळत नाहीत, म्हणून त्यानं ते काढले होते. त्यानं डीपी पाडली होती, टेस्टर लावून तार तपासली होती, तार मेलेली होती. त्याचं काहीएक चुकलं नव्हतं. दोर टाकून त्याला खाली घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी फक्त मनगट धरलं आणि सोडलं.

बसलिंगप्पा कुणाला काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी जनरेटर बंद केला, त्याची वायर काढली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. आईसाठी दवाखान्यातून येतानाच ऑक्सिजनचा सिलिंडर आणला होता. मंजुश्रीनं विचारलं, "काय झालं ओ?" तर म्हणाले, "काही न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून गावात चर्चा सुरू झाली. मोजे घातले नव्हते म्हणे. लाईन बंद ठेवायचं परमिट नीट घेतलं नव्हतं म्हणे. ह्या कंत्राटी पोरांना घाईच फार. दोन दिवसांत तर चौकशी व्हायच्या आधीच गावानं निकाल लावून टाकला, की मयताचीच चूक! दुकानात गिऱ्हाईकं हेच बोलायची आणि बसलिंगप्पा मान खाली घालून बियाणांच्या पिशव्या मोजायचे. एक जण म्हणाला, "काय अप्पा, खरं हाय का न्हाई?" आणि त्यांच्या तोंडून निघालं, "हाव."

त्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले, पण घास उतरेना. पार्वतीबाईनं नळी नाकाखाली सरकवली आणि हाक मारली.

"बसू, हिकडं ये. बस."

ते खाटेजवळ बसले.

"त्या दिशी तू जनरेटर चालू केलास. तवाच शेजारची पोरं आरडली. मी ऐकलंय. माझी छाती गेलीय, कान गेले न्हाईत."

"अव्वा, तू बोलू नको, धाप लागंल तुला."

"लागू दे. त्या पोरानं तुला इचारलं होतं. मी खिडकीत होते. तू काय सांगितलास?"

बसलिंगप्पा उठू लागले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"बसवलाय म्हणलास. खोटं बोललास." तिनं दोन श्वास ओढले. "तारंवर चढताना त्यानं तुझ्या शबुदावर भरवसा ठिवला."

"अव्वा, मी तुझ्यासाठीच धावलो! तुझा जीव चालला होता!"

"म्हणून त्याचा दिलास?"

ते ढसाढसा रडू लागले. "मी मुद्दाम केलं का गं? चूक झाली. आता सांगून काय तो परत येणार हाय? पोलीस मला नेतील. दुकान, लेकरं, तू... कोण बघंल?"

"त्याच्याबी घरी लेकरू हाय. त्याला कोण बघंल?" म्हातारीचा आवाज चिरका झाला, पण थांबला नाही. "चूक एकदा झाली, बसू. पण गाव त्या मेल्याल्या पोराला बेफिकीर म्हणायलाय, आन् तू हाव म्हणायलास. ही चूक न्हाई. हे पाप हाय, आन् ते तू रोज करायलास. एक बार तारंनं मारलं त्याला. रोज जिभंनं मारू नको."

ती मागं उशीवर कोसळली. मंजुश्रीनं धावत येऊन नळी सारखी केली. दारात उभं राहून तिनं सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "जा."

धम्मानंदच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात होता. वंदना झाली. पुढच्या ओळीत पांढऱ्या साडीत त्याची बायको धम्मप्रिया चार वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. चार माणसं बोलली. त्यातला एक गावपुढारी आवाज मऊ करून म्हणाला, "पोरगा गुणी होता. जरा मोजे घातले असते, तर आज आपल्यात असता."

धम्मप्रियानं मान आणखी खाली घातली. तेवढ्यात मागून बसलिंगप्पा उठले.

"मोज्यांचा दोष न्हाई," ते म्हणाले. "दोष माझा हाय. माझ्या जनरेटरचा करंट तारंवर गेला. मी चेंजओव्हर बसवला नव्हता. धम्मानंदनं दारात येऊन विचारलं होतं, आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला मी मारलं!"

मग एकदम दहा-बारा तरुण उठले. कुणीतरी बसलिंगप्पांची कॉलर धरली. त्यांनी हात वर केला नाही.

"सोडा त्यांना." धम्मप्रिया उभी राहिली होती. ती सावकाश त्यांच्यासमोर आली.

"पाच वर्षं त्यांच्या पाठीवरचं ऊन मी बघितलंय," ती म्हणाली. "लोक फोनवर शिव्या द्यायचे. हे म्हणायचे, असू दे, अंधारात बसलेत लोक. लाईन मेली का न्हाई, हे दहा बार बघून हात लावणारा माणूस होता. आठ दिवस झाले, सगळे मला सांगायलेत की तुझा नवरा बेफिकीर होता. माझी लेक मोठी होऊन हेच ऐकणार होती."

"ताई, मला माफ..."

"माफ न्हाई करणार. ते माझ्यानं होणार न्हाई." तिचे डोळे कोरडे होते. "पण जे इथं बोललाव, ते पोलिसांपुढं लिहून द्या. आणि ह्यांनी जनरेटरची घरं मोजायला घेतली होती. चिठ्ठी माझ्याजवळ हाय. निम्मीच झालीत. उरलेल्या घरी तुम्ही जा."

बसलिंगप्पा तिथूनच पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला, खटला अजून उभा आहे. 'मयताची चूक' हे बोल कागदावर चढायचे थांबले. आईच्या मशीनला व्यंकटीनं येऊन इन्व्हर्टर बसवून दिला.

दुकान बंद झालं की ते आता जनरेटर असलेल्या घरी जातात. फाटकाशी उभे राहतात. लोक आधी "या अप्पा, चहा घ्या" म्हणतात. ते चहा घेत नाहीत.

"माझ्या हातून एक माणूस मेलाय," ते म्हणतात. "तुमचा चेंजओव्हर दाखवा."

काही जण दाखवतात. काही जण "बसवलाय की" म्हणतात. तेव्हा ते हलत नाहीत. "मीबी असंच म्हणालो होतो. डोळ्यांनी बघू द्या." काही घरांतून दार लावून घेतलं जातं. मग दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथंच उभे असतात.

वाचकहो, जनरेटर जरूर घ्या. आजारी माणसासाठी घ्या, लेकरांच्या अभ्यासासाठी घ्या. पण तो घेताना किती खोल्या उजळतील एवढंच मोजू नका. आपल्या घरातून निघालेली तार कुठपर्यंत जाते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा हात आहे, हेही बघा. चेंजओव्हर, अर्थिंग आणि जाणता मिस्त्री, ह्यांच्याशिवाय जनरेटरची किल्ली फिरवू नका. आणि खांबावर चढणाऱ्या माणसानं आपल्याला काही विचारलं, तर त्याला खरं सांगा. आपल्या खऱ्यावर त्याचा जीव असतो!